वाहन नोंदणी शुल्क आणि कायदा अंमलबजावणीचे तंत्रज्ञान : अमरावती व अकोला शहरांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

वाहनाची नोंदणी करताना नागरिक शासनाकडे शुल्क, कर व उपकर या तीन स्वरूपांत रक्कम भरतो. दुसरीकडे रस्त्यावरील कायद्याच्या अंमलबजावणीसाठी कॅमेरे, वेगमापक यंत्रे व नंबरप्लेट वाचणारी यंत्रणा उभारणे ही राज्याची वैधानिक जबाबदारी झाली आहे. या दोन बाबींचा परस्परसंबंध जोडता येईल काय, जोडल्यास तो कोणत्या अटींवर जोडावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. नोंदणीच्या वेळी जमा होणाऱ्या उपकराचा निश्चित हिस्सा, तो ज्या परिवहन कार्यालयात जमा झाला त्याच क्षेत्राकडे परत यावा आणि तो मुख्यतः यंत्रणेच्या देखभालीवर खर्च व्हावा, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : वाहन नोंदणी, मोटार वाहन कर, रस्ता सुरक्षा उपकर, इलेक्ट्रॉनिक अंमलबजावणी, स्थानिक वित्त, वऱ्हाड.

१. प्रस्तावना

अमरावती व अकोला ही वऱ्हाडातील दोन प्रमुख शहरे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ ने जोडलेली आहेत. जून २०२२ मध्ये या दोन शहरांदरम्यान ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकण्यात आला आणि त्याची गिनीज विश्वविक्रमात नोंद झाली. रस्त्याचा दर्जा सुधारला म्हणजे वाहनांचा वेग वाढतो आणि वेग वाढला म्हणजे नियमांच्या अंमलबजावणीची गरजही वाढते. मात्र रस्तेबांधणीस जो निधी व जी गती लाभते, ती अंमलबजावणीच्या साधनांना लाभतेच असे नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६ अ समाविष्ट करण्यात आले. त्यानुसार रस्ता सुरक्षेचे इलेक्ट्रॉनिक संनियंत्रण व अंमलबजावणी करणे हे राज्य शासनाचे कर्तव्य ठरले. त्यापुढे ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७ अ आला. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येची शहरे आणि नियमासोबतच्या तक्त्यात नमूद केलेली १३२ शहरे येथील महत्त्वाच्या चौकांत अशी साधने बसविण्याची तरतूद त्यात आहे. या तक्त्यात महाराष्ट्रातील १९ शहरे असून अकोला व अमरावती यांचा त्यात समावेश आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या दोन्ही शहरांची लोकसंख्या दहा लाखांपेक्षा कमी आहे. तरीही ती मोठ्या शहरांच्या पंक्तीत बसविली गेली आहेत. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राज्यांना या तरतुदींच्या अंमलबजावणीबाबत निर्देश दिले.

जबाबदारी याप्रमाणे निश्चित झाली. तिच्यासाठी लागणारा पैसा कोठून यावा, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) वाहन नोंदणीच्या वेळी भरल्या जाणाऱ्या रकमांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) या रकमांचा प्रवास कोठपर्यंत होतो हे पाहणे.
३) त्यातून अंमलबजावणीच्या तंत्रज्ञानास निधी देण्याची शक्यता व मर्यादा तपासणे.

लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून संबंधित अधिनियम, नियम व न्यायनिर्णय यांचा आधार घेतला आहे.

३. नोंदणीच्या वेळी नागरिक काय भरतो?

सर्वसामान्य व्यवहारात ‘पासिंगचा खर्च’ या एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या रकमेत प्रत्यक्षात भिन्न स्वरूपाचे घटक असतात.

(अ) नोंदणी शुल्क : हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ८१ नुसार ठरते. डिसेंबर २०१६ च्या सुधारणेनुसार नवीन दुचाकीसाठी ३०० रुपये व खाजगी हलक्या मोटार वाहनासाठी ६०० रुपये असे हे शुल्क आहे. दर केंद्र शासन ठरविते. वसुली राज्याचे परिवहन कार्यालय करते.

(ब) एकरकमी मोटार वाहन कर : राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या नोंद ५७ नुसार वाहनांवरील कर हा राज्याचा विषय आहे. मध्यप्रांत व वऱ्हाडात यासाठी १९४७ चा स्वतंत्र कायदा होता. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात समाविष्ट झाल्यानंतर १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्याने सर्व विभागांसाठी एकच व्यवस्था आणली. राज्यात दुचाकींवर इंजिनाच्या क्षमतेनुसार किमतीच्या १० ते १२ टक्के कर आकारला जातो.

(क) रस्ता सुरक्षा उपकर : २०१६ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नवीन वाहनांच्या कराच्या रकमेवर २ टक्के रस्ता सुरक्षा उपकर आकारण्याचा निर्णय घेतला. राज्यांनी रस्ता सुरक्षेसाठी स्वतंत्र निधी उभारावा, असा सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीचा आग्रह होता.

उदाहरणार्थ, ८०,००० रुपये किमतीच्या, ११ टक्के कर लागू असलेल्या दुचाकीवर नोंदणी शुल्क ३०० रुपये, कर ८,८०० रुपये व उपकर १७६ रुपये होतो. ८ लाख रुपये किमतीच्या, ११ टक्केच कर लागू असलेल्या पेट्रोल मोटारीवर शुल्क ६०० रुपये, कर ८८,००० रुपये व उपकर १,७६० रुपये होतो. मोटारीची किंमत दुचाकीच्या दहापट असूनही तिचे नोंदणी शुल्क केवळ दुप्पट आहे. उपकर मात्र किमतीच्या प्रमाणात दहापट आहे. पुढील विवेचनात हा भेद महत्त्वाचा ठरतो.

(ड) उच्च सुरक्षा नंबरप्लेट : १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या वाहनांना ही प्लेट बसविणे राज्यात बंधनकारक करण्यात आले आणि २०२५ मध्ये त्यासाठीची मुदत वेळोवेळी वाढविण्यात आली. दुचाकीसाठी ४५० रुपये, तीनचाकीसाठी ५०० रुपये व इतर वाहनांसाठी ७४५ रुपये अधिक वस्तू व सेवा कर असे दर ठरले. म्हणजे दुचाकीधारकास करासह ५३१ रुपये द्यावे लागले. ही रक्कम नवीन दुचाकीच्या नोंदणी शुल्काहून अधिक आहे. चोरीच्या वाहनांचा शोध व बनावट क्रमांकांना आळा हा या प्लेटचा हेतू आहे. प्लेटवरील ठरावीक आकाराची अक्षरे कॅमेऱ्यास वाचणेही सोपे जाते. अर्थात, वाहनधारकाने अंमलबजावणीच्या तंत्रज्ञानाचा खर्च उचलावा हे तत्त्व आपल्याकडे प्रत्यक्षात आलेले आहे. फरक इतकाच की ही रक्कम शासकीय निधीत न जाता प्लेट पुरविणाऱ्या कंत्राटदाराकडे जाते. प्लेट वाचणारा कॅमेरा शहरात आहे की नाही, याच्याशी तिचा संबंध राहत नाही.

४. जमा रकमेचा प्रवास

एम.एच. २७ (अमरावती) व एम.एच. ३० (अकोला) या क्रमांकांच्या वाहनांचे शुल्क व कर राज्यघटनेच्या अनुच्छेद २६६ प्रमाणे राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतात. एकत्रित निधीत गेलेल्या रुपयास ‘तो कोठून आला’ ही ओळख राहत नाही. पुढे अर्थसंकल्पातील मागण्यांद्वारे तो विविध विभागांना मिळतो. विशेष म्हणजे महाराष्ट्रात परिवहन व पोलीस हे दोन्ही गृह विभागाच्याच कक्षेत येतात. वसुली करणारी व खर्च करणारी शाखा एकाच विभागात असूनही जिल्हा पातळीवर दोहोंचा हिशेब एकत्र मांडला जात नाही.

महानगरपालिकेची स्थिती याहून अवघड आहे. अमरावती महानगरपालिका १९८३ मध्ये व अकोला महानगरपालिका २००१ मध्ये अस्तित्वात आली. शहरातील चौक, पथदिवे व रस्त्यांची जबाबदारी तिच्याकडे असते. परंतु मोटार वाहन कर राज्याकडे जातो. एकेकाळी नगरपालिका सायकलींना बिल्ले देऊन कर घेत असत. आज त्याच रस्त्यांवरील मोटारींच्या नोंदणीतून स्थानिक संस्थेस थेट वाटा मिळत नाही. पोलीस हा विषय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नसल्याने त्यासाठी स्वतंत्र उत्पन्न मागण्याचा आधारही तिच्याकडे नाही.

परिणामी कॅमेऱ्यांसाठी जिल्हा वार्षिक योजना, राज्याची एखादी योजना किंवा लोकप्रतिनिधींचा निधी यांवर अवलंबून राहावे लागते. हे मार्ग खरेदीसाठी उपयोगी पडतात. पण कॅमेरा बसविणे हा एकवेळचा खर्च असून वीज, इंटरनेट जोडणी, दुरुस्ती व चित्रीकरण तपासणारे मनुष्यबळ हा दरवर्षीचा खर्च आहे. नियम १६७ अ नुसार साधनाचे मान्यता प्रमाणपत्रही दरवर्षी नूतनीकृत करावे लागते. हे प्रमाणपत्र नसलेल्या साधनाच्या आधारे काढलेले चलान कायद्याच्या कसोटीवर टिकणे कठीण असते. तेव्हा खरी उणीव खरेदीच्या पैशापेक्षा नियमित देखभालीच्या पैशाची आहे. वाहनांची नोंदणी दरवर्षी होत असल्याने नोंदणीतील उत्पन्न या गरजेशी जुळणारे आहे.

५. शुल्क की उपकर?

शिरूर मठ प्रकरणात (१९५४) सर्वोच्च न्यायालयाने कर व शुल्क यांतील भेद स्पष्ट केला. शुल्क हे विशिष्ट सेवेच्या बदल्यात घेतले जाते. कर हा सार्वजनिक प्रयोजनासाठी, थेट मोबदल्याविना घेतला जातो. वाहतूक नियमनाचा लाभ पादचारी, सायकलस्वार अशा सर्वांनाच होतो. त्यामुळे नोंदणी शुल्कात वाढ करून ती रक्कम पोलीस तंत्रज्ञानाकडे वळविणे कायदेशीरदृष्ट्या दुर्बल ठरते. शिवाय हे शुल्क केंद्र ठरवीत असल्याने जिल्ह्यास वा राज्यास ते परस्पर वाढविता येत नाही. वर पाहिल्याप्रमाणे, ठोक शुल्काचा भार दुचाकीधारक शेतमजूर व नोकरदारांवर तुलनेने अधिक पडतो. कराच्या प्रमाणात आकारला जाणारा उपकर या तिन्ही आक्षेपांतून बऱ्याच अंशी मुक्त आहे.

६. पूर्वानुभव

विशिष्ट प्रयोजनासाठी कर बांधून ठेवण्याचा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. रोजगार हमी योजनेसाठी १९७५ पासून व्यवसाय कर व मोटार वाहनांवरील अतिरिक्त कर यांसह काही कर लावण्यात आले. राज्यानेही तेवढाच वाटा द्यावा अशी रचना होती आणि १९७७ च्या अधिनियमाने स्वतंत्र निधीस वैधानिक आधार दिला. शहरी वाहनधारकाचा पैसा दुष्काळी भागातील मजुरापर्यंत पोहोचविणारी ही व्यवस्था होती. तथापि, जमा रकमेच्या तुलनेत खर्च कमी होतो, अशी टीकाही पुढे झाली. निधी स्वतंत्र असणे पुरेसे नसून खर्चाचे बंधनही आवश्यक असते, हा त्यातील धडा होय.

स्थानिक संस्थांना सूत्रानुसार रक्कम परत देण्याचीही उदाहरणे आहेत. वस्तू व सेवा कर आल्यानंतर २०१७ च्या राज्य कायद्याने महानगरपालिकांना भरपाईची हमी दिली. मुद्रांक शुल्कावरील अधिभारही स्थानिक संस्थांकडे जातो.

परदेशात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या वाहन संहितेतील कलम ९२५०.१९ चा उल्लेख करता येईल. काउंटीच्या निर्वाचित मंडळाने ठराव केल्यास नोंदणीच्या वेळी प्रत्येक वाहनामागे १ डॉलर आकारण्याची मुभा त्यात देण्यात आली आणि ही रक्कम बोटांच्या ठशांवरून ओळख पटविणाऱ्या यंत्रणेसाठीच वापरण्याचे बंधन घालण्यात आले. मात्र तेथे नोंदणीचे नूतनीकरण दरवर्षी होते. आपल्याकडे खाजगी वाहनाची नोंदणी एकदा झाल्यावर १५ वर्षे वैध असते. म्हणून तेथील पद्धत जशीच्या तशी येथे लागू पडणार नाही; स्थानिक ठराव, निश्चित प्रयोजन व खुला हिशेब ही तिची तत्त्वे मात्र घेता येतील.

७. दंडातून निधी का नको?

कॅमेऱ्यांचा खर्च दंडाच्या रकमेतूनच काढावा, असा युक्तिवाद केला जातो. तो वरवर सोपा वाटतो. परंतु त्यात एक मूलभूत दोष आहे. दंडावर चालणारी यंत्रणा नियमभंग वाढले तर सुस्थितीत राहते व लोक शिस्त पाळू लागले तर अडचणीत येते. म्हणजे यंत्रणेचे यश हेच तिच्या उत्पन्नाचे संकट ठरते. अशा स्थितीत कॅमेरा अपघातप्रवण स्थळी बसविण्याऐवजी अधिक चलाने मिळतील तेथे बसविण्याचा मोह होतो. नागरिकांच्या मनातही ‘हे सुरक्षेसाठी नसून वसुलीसाठी आहे’ अशी भावना दृढ होते. नोंदणीतून येणारी रक्कम नियमभंगाच्या संख्येवर अवलंबून नसल्याने ती या मोहापासून यंत्रणेस दूर ठेवते.

८. मर्यादा

१) राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून गुजरात, छत्तीसगड व इतर राज्यांतील मालवाहू वाहने मोठ्या प्रमाणावर जातात. स्थानिक नोंदणीतून उभा राहिलेला पैसा त्यांच्या नियमनावर खर्च करणे न्याय्य नाही. महामार्गावरील साधनांचा खर्च महामार्ग यंत्रणेने, तर शहरातील चौकांचा खर्च स्थानिक हिश्शातून व्हावा.

२) स्थानिक परिवहन कार्यालयातील जमा रक्कम वाहनविक्रीनुसार कमीअधिक होते. कापूस व सोयाबीनचे उत्पन्न घटले की वऱ्हाडातील वाहनखरेदी मंदावते. त्यामुळे किमान रकमेची हमी राज्याने दिली पाहिजे.

३) नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा नियम न मोडणाऱ्याचीही नोंद घेतो. २०१७ च्या पुट्टस्वामी निर्णयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आहे. म्हणून अशा नोंदी किती दिवस ठेवाव्यात व कोणास पाहता याव्यात, हे आधी ठरले पाहिजे. आपल्याच पैशातून आपल्यावर अमर्याद पाळत ठेवली जाणे नागरिकास मान्य होणार नाही.

९. निष्कर्ष व शिफारशी

अमरावती व अकोल्याच्या वाहनधारकावर नवा भार टाकण्याची आवश्यकता दिसत नाही. तो कर व उपकर आधीच भरतो आहे. त्याने भरलेल्या रकमेचा त्याच्या चौकाशी तुटलेला संबंध पुन्हा जोडणे आवश्यक आहे. त्या दृष्टीने पुढील शिफारशी करण्यात येत आहेत.

१) नोंदणी शुल्क न वाढविता रस्ता सुरक्षा उपकराचा निश्चित हिस्सा परिवहन कार्यालयनिहाय संबंधित क्षेत्रास परत द्यावा.
२) या हिश्शाचा प्राधान्यक्रम देखभाल, वार्षिक प्रमाणीकरण व मनुष्यबळ असा असावा, नवीन खरेदी त्यानंतर करावी.
३) खर्चाचा निर्णय जिल्हा रस्ता सुरक्षा समितीत पोलीस, परिवहन विभाग व महानगरपालिका यांनी एकत्रितपणे घ्यावा.
४) किती रक्कम जमा झाली, किती साधने चालू व किती बंद आहेत, हे दरवर्षी मराठीत प्रसिद्ध करावे.
५) दंडाची रक्कम कॅमेऱ्यांच्या देखभालीशी वा कंत्राटदाराच्या मोबदल्याशी जोडू नये.

कर भरणाऱ्यास आपल्या पैशाचा विनियोग दिसला तर कर देण्याची व नियम पाळण्याची, अशा दोन्ही वृत्ती बळावतात. नियम १६७ अ मध्ये या दोन शहरांची नावे आली आहेतच. त्या नावांपुढे आता निधीची तरतूद लिहिली जाणे गरजेचे आहे.