खर्जातलं पॉप

सभागृहातल्या खुर्च्या रिकाम्या होत्या, एसी नुकताच सुरू झाला होता आणि ड्रमवाला एकटाच किक वाजवत बसला होता. कन्सोलवरचे दादा मान वर न करता 'अजून, अजून' म्हणत होते. किक झाला की स्नेअर, मग हाय-हॅट, मग बास गिटार, मग की-बोर्ड. प्रत्येक वाद्य आधी एकेकटं तपासायचं आणि मगच सगळी मिळून. मी पुण्यातल्या एका शाळेत गाणं शिकवते. आमच्या गॅदरिंगला साउंड लावणारे हे दादा त्या दिवशीच्या टीममध्ये होते, म्हणून मला दुपारपासून त्यांच्या मागे बसायला मिळालं. संध्याकाळी उषा उथुप गाणार होत्या.

शाळकरी वयापासून मी या संध्याकाळची वाट पाहत होते. आमच्या गावात गणपतीत ऑर्केस्ट्रा यायचा. 'रंभा हो' आणि 'हरि ओम हरि' ही त्यांची गाणी त्यात असायचीच, पण गाणारी मुलगी ती वरच्या पट्टीत गायची. चाल तीच, शब्द तेच, ठेका तोच, आणि तरी गाणं कुठेतरी हरवलेलं असायचं. घरी कॅसेट लावली की ते परत सापडायचं. ते आवाजात आहे, त्या आवाजाच्या तळाशी आहे, एवढं तेव्हाही कळायचं. पुढे त्यांचे कार्यक्रम मुंबईला, कोलकात्याला, मोठ्या हॉटेलांत होत राहिले; मी नोकरीत, संसारात आणि परीक्षांच्या वेळापत्रकात अडकलेली. या वेळी तारीख जुळली.

दादांचं काम पाहताना त्या तळाचा अर्थ समजत गेला. बहुतेक गायिकांच्या माइकला साउंडवाले खालची कंपनं बऱ्यापैकी कापून टाकतात. स्त्रीच्या आवाजात तिथे फारसं काही नसतं, असतो तो स्टेजवरचा घुमारा. उषा उथुप यांचा आवाज मात्र खर्जातला. पाश्चात्त्य संगीतात ज्याला कॉन्ट्राल्टो म्हणतात, त्या प्रकारचा आवाज साधारण 175 हर्ट्‌झपर्यंत सहज उतरतो. त्याच पट्ट्यात बास गिटारचे वरचे सूर असतात, की-बोर्डवाल्याचा डावा हात असतो आणि किकच्या फटक्याचा घुमाराही असतो. एवढ्या गर्दीत बाईचा आवाज ठेवायचा कसा? दादांनी बाईंच्या माइकचा फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी, वर नेला नाही. की-बोर्डवाल्याला डावा हात कमी करायला सांगितलं, बासचा थोडा भाग काढून घेतला आणि मग मला म्हणाले, "मॅडम, आवाज वाढवायचा नसतो, जागा करायची असते." आवाज वाढवला असता तर शिट्टी बसली असती.

संध्याकाळी त्या आल्या तेव्हा अख्खं सभागृह आधी पाहतच राहिलं. कांजीवरम साडी, केसांत फुलं, हातभर बांगड्या आणि कपाळावर मोठी टिकली. त्या टिकलीत बंगाली लिपीतला 'क', कोलकात्याचा. पायांत साडीच्याच रेशमी कापडाने सजवलेले कॅनव्हासचे बूट. लोक या बुटांचं कौतुक हौस म्हणून करतात. मला ते कामाच्या माणसाचे बूट वाटले. सगळी संध्याकाळ उभं राहायचं, चालायचं, वळायचं, स्टेजच्या कडेपर्यंत यायचं. तळव्यांना आधार हवाच. 1947 साली जन्मलेली ही बाई दोन गाण्यांच्या मधे खुर्ची मागत नव्हती.

पहिल्या गाण्यानंतर त्यांनी प्रेक्षागृहातले दिवे लावून घेतले. असं कुणी सहसा करत नाही. समोर काळोख असला की गायकाला बरं वाटतं, चेहरे दिसत नाहीत, कोण जांभई देतंय ते कळत नाही. उषा उथुप यांना चेहरे हवे असतात. त्यांची सगळी घडण उजेडात झाली आहे.

1969 साली मद्रासच्या माउंट रोडवर, सफायर थिएटरच्या तळघरातल्या 'नाइन जेम्स' नावाच्या नाइटक्लबमध्ये त्या साडी नेसून गायला उभ्या राहिल्या. तिथून कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरचं 'ट्रिंकाज', मुंबईत मरीन ड्राइव्हवरचं 'टॉक ऑफ द टाउन', दिल्लीचं ओबेरॉय हॉटेल. अशा जागी माणसं गाणं ऐकायला आलेली नसतात, जेवायला आलेली असतात. काटे-चमचे वाजत असतात, वेटर मधून जात असतो, कुणाचा तरी वाढदिवस असतो. गायिकेला एकेका टेबलाकडे पाहून गाणं निवडावं लागतं: म्हातारं जोडपं दिसलं की एक, पोरांचा घोळका दिसला की दुसरं. गाणं संपल्यावर पुढच्याच्या आधी दोन वाक्यं बोलावी लागतात, नाहीतर टेबलावरच्या गप्पा सुरू होतात आणि माणसं हातची जातात. दिल्लीच्या त्या हॉटेलातच देव आनंद यांनी त्यांना ऐकलं आणि 1971 च्या 'हरे रामा हरे कृष्णा'मध्ये त्यांचा आवाज आला. तेव्हा त्यांचं नाव उषा अय्यर होतं.

त्या सगळ्या रात्रींचं शिक्षण मला आता समोर दिसत होतं. दोन गाण्यांच्या मधलं बोलणं ऐकताना वाटत होतं की बाई मनात येईल ते बोलताहेत. मी कन्सोलजवळ असल्यामुळे मला वादकांचे हात दिसत होते. बोलणं सुरू असतानाच की-बोर्डवाला पुढच्या गाण्याचा स्वर हळूच धरून ठेवायचा, ड्रमवाला काड्या बदलायचा, आणि त्यांचं शेवटचं वाक्य ज्या सुरावर संपायचं तिथूनच इंट्रो उचलला जायचा. एकदाही कुणी 'वन, टू, थ्री' मोजलं नाही. बोलताना माइक अगदी ओठांशी. या जातीच्या माइकमध्ये तोंड जवळ आलं की खालच्या कंपनांना जोर मिळतो, आवाज ऊबदार होतो. लांब सूर लावायचा तेव्हा हात आपोआप हनुवटीपासून लांब जायचा. दादांचं बोट फेडरवर होतं, पण ते फारसं हललं नाही. अर्धं मिक्सिंग त्या स्वतःच मनगटाने करत होत्या.

मग टाळ्यांचा प्रश्न आला. आपल्या श्रोत्यांचे हात आरतीवर आणि भजनावर घडलेले असतात. चारच्या आवर्तनात टाळी आपसूक पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडते. पॉपमध्ये स्नेअरचा फटका असतो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. सगळं सभागृह उलट टाळी धरायला लागलं की गाणं जड होतं, त्याची उडी जाते. वर पुन्हा अंतराची भानगड असते. ध्वनी सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. तीस मीटरवर बसलेल्या माणसाकडे स्टेजवरचा ठेका उशिरा पोचतो, त्याची टाळी परत स्टेजवर तितक्याच उशिरा येते. म्हणजे गाणाऱ्याच्या कानावर सेकंदाचा सहावा भाग मागे पडलेला ठेका आदळत राहतो. नवखा गायक त्या टाळीमागे जातो आणि लय ढासळते.

उषा उथुप यांनी काय केलं? लोकांना थांबवलं नाही, शिकवणी घेतली नाही. मोकळा हात डोक्याच्या वर नेला आणि बांगड्यांसकट तो दुसऱ्या मात्रेवर खाली आणला, चौथ्या मात्रेवर पुन्हा. दिवे लागलेले होते, त्यामुळे शेवटच्या रांगेलाही हात दिसत होता. डोळ्यांनी टाळी पडायला लागली आणि कानाला लागणारा उशीर निम्म्यावर आला. दोन ओळींत सभागृह वळलं. मी वर्गात हे पोरांना शिकवायला आठवडे घालवते. इतक्या सहजपणे, इतक्या प्रेमाने, कुणालाही चूक न म्हणता शिकवलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या मध्यावर 'फिव्हर' आलं आणि माझ्यासाठी ती संध्याकाळ तिथे उभी राहिली. 1958 मध्ये पेगी ली या अमेरिकन गायिकेने हे गाणं बास, थोडेसे ड्रम आणि चुटक्या एवढ्यावर रेकॉर्ड केलं होतं. बाकी काही नाही. झाकायला काहीच नसल्यामुळे गायिका पूर्ण उघडी पडते. की-बोर्डवाल्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले. गिटार थांबली. बासवाला उतरते सूर मोजून टाकायला लागला आणि त्या खालच्या जागेत, बासच्या अगदी शेजारी, बाईंचा आवाज येऊन बसला. ऐकताना कळत होतं की दोघं एकमेकांच्या मात्रा टाळताहेत. तो वाजवतो तेव्हा त्या श्वास घेतात, त्यांचा शब्द संपतो तिथे त्याचा सूर पडतो. जवळजवळ कुजबुजीच्या पातळीवरचं गाणं, आणि तरीही प्रत्येक शब्द बाल्कनीपर्यंत स्वच्छ. वयाने या आवाजाला दाणा आला आहे. सुराच्या सुरुवातीला किंचित खरखर होते आणि मग सूर गोल होतो. ती खरखर मला फार आवडली. तिच्यात इतक्या वर्षांचं काम ऐकू येतं.

याच आवाजाला भायखळ्याच्या सेंट अ‍ॅग्नेस शाळेत गाण्याच्या वर्गातून बाहेर काढलं होतं. तिथल्या गाण्याला तो जुळत नव्हता. तरी या मुलीत संगीत आहे हे शिक्षिकेच्या लक्षात आलं, म्हणून तिच्या हाती वाजवायला ट्रँगल दिला गेला. शास्त्रोक्त शिक्षण त्यांना पुढेही मिळालं नाही. ही हकिकत माझ्यासाठी किस्सा नाही, माझ्या रोजच्या कामातली गोष्ट आहे. समूहगान स्पर्धांत मुलींसाठी पेटीवर काळी चार किंवा काळी पाच धरली जाते. ज्या मुलींचा आवाज खाली आहे त्यांचा सूर अंतऱ्यात तार षड्जाच्या वर गेला की फाटतो. मग त्यांना सांगितलं जातं की मागे उभी राहा, हळू म्हण, नुसते ओठ हलव. त्या मुली बेसूर नसतात. गाण्याची पट्टी त्यांची नसते, इतकंच. त्यांच्यासाठी खालची ओळ बांधता येते, दुसरा आवाज बसवता येतो. मी तसं बसवते आणि परीक्षक कपाळाला आठ्या घालतात. मला हे मनापासून सांगायचं आहे की मुलीचा खालचा आवाज हा दोष नाही. तो दोष ठरवून आपण किती गळे बंद केले असतील, या विचाराने मला अजूनही त्रास होतो.

हिंदी चित्रपटानेही त्या आवाजाला बरीच वर्षं एकाच दारातून आत घेतलं. 1980 च्या 'प्यारा दुश्मन'मधलं 'हरि ओम हरि', 1981 च्या 'अरमान'मधलं 'रंभा हो'. दोन्ही बप्पी लाहिरींची, दोन्ही पडद्यावर कल्पना अय्यरच्या नाचासाठी. नायिकेचा आवाज वरचा, क्लबमध्ये नाचणारीचा खालचा, असा जणू नियमच होता. मग 2011 मध्ये '7 खून माफ'साठी विशाल भारद्वाज यांनी 'डार्लिंग' हे गाणं रेखा भारद्वाज आणि उषा उथुप यांना दिलं, पडद्यावर होती चित्रपटाची नायिका प्रियांका चोप्रा. 63 वर्षांची गायिका नायिकेसाठी गायली आणि दोघींना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. 'डार्लिंग'ची चाल रशियन लोकगीत 'कालिंका'वरून घेतलेली आहे. ते गाणं सुरू झालं तेव्हा कॉलेजची मुलं खुर्च्यांमधल्या वाटेत नाचायला आली. 'मलाइका' या स्वाहिली गाण्याचे शब्द बहुतेकांना कळत नव्हते तरी ध्रुवपद सगळे म्हणत होते. नैरोबीत त्यांनी हे गाणं मूळ गायक फधिली विल्यम यांच्यासोबत गायलं आहे.

टिकलीतल्या त्या 'क'कडे मी पुन्हा पुन्हा पाहत होते. 1980 च्या दशकात पश्चिम बंगालमधल्या एका मंत्र्याने त्यांचं गाणं अपसंस्कृती ठरवून सरकारी सभागृहं त्यांना बंद केली होती. त्या कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. शहर सोडलं नाही. 2024 मध्ये पद्मभूषण मिळालं तेव्हाही त्या कोलकात्याच्याच होत्या.

शेवटच्या गाण्याआधी त्यांनी वादकांची ओळख करून दिली. ही नाइटक्लबची जुनी रीत आहे: नाव घ्यायचं, प्रत्येकाला चार-आठ आवर्तनं मोकळी सोडायची आणि गायिकेने बाजूला उभं राहून टाळी धरायची. ड्रमवाल्याने दणका उडवला, गिटारला शिट्ट्या पडल्या. मग बासवाल्याचं नाव आलं. सगळी संध्याकाळ त्याने सूर मोजून, आवरून, जागा सोडून वाजवले होते. आता त्याने अंगठ्याने तारा आपटत जे सुरू केलं ते ऐकून माझ्या शेजारचे दादा हसायला लागले आणि दुपारी काढून घेतलेला बासचा सगळा भाग त्यांनी परत दिला. खुर्च्या थरथरल्या. उषा उथुप त्याच्याकडे वळून दाद देत होत्या. आठ आवर्तनं झाली, दहा झाली, त्यांनी त्याला थांबवलं नाही. मग त्यांनी माइक ओठांशी नेला. दादांचं बोट खाली आलं, बासवाल्याने हात आखडता घेतला आणि 'रंभा हो' सुरू झालं, त्यांच्या स्वतःच्या पट्टीत.