राजीनामा लिहिण्याआधी तब्येत तपासा

'डॉक्टर, ही नोकरी सोडली तर मी बरा होईन का?' हा प्रश्न दवाखान्यात अनेकदा विचारला जातो. विचारणारा बहुधा पस्तिशी-चाळिशीतला असतो. आम्लपित्त, डोकेदुखी, चिडचिड, झोप न लागणे आणि कामावर जायच्या विचारानेच पोटात गोळा येणे, अशा त्याच्या तक्रारी असतात. नोकरी बदलावी की नाही, हे डॉक्टरने चिठ्ठीवर लिहून द्यायचे नसते. तो निर्णय ज्याचा त्याने, घरच्यांशी बोलून घ्यायचा असतो. मात्र या त्रासात नोकरीचा वाटा किती आणि शरीराचा किती, हे आधी पाहता येते.

दुखणे कुणाचे?

थायरॉइडचे काम मंदावले, अंगात रक्त कमी असले, 'ब-१२' जीवनसत्त्व घटले किंवा साखर वाढलेली असली, की माणूस दिवसभर थकलेला राहतो. कामात लक्ष लागत नाही, चुका होतात, साहेब बोलतात आणि दोष नोकरीवर जातो. झोपेत मोठ्याने घोरणाऱ्या व मध्येच श्वास अडखळणाऱ्या माणसाचेही असेच होते. आठ तास झोपूनही तो सकाळी ताजातवाना नसतो. असा माणूस नोकरी बदलतो, पण थकवा त्याच्यासोबत नव्या नोकरीतही जातो. म्हणून आधी रक्तदाब व रक्त तपासून घ्यावे. खर्च थोडा, पण उलगडा मोठा होतो.

दुसरा उपाय बिनखर्चाचा. दोन-तीन आठवडे वहीत रोजची नोंद ठेवा : झोप किती झाली, डोके किंवा पोट कधी दुखले, त्या दिवशी पाळी कोणती होती, सुट्टी होती का. सुट्टीच्या दिवशी त्रास कमी होत असेल आणि सुट्टी संपता संपता पुन्हा सुरू होत असेल, तर कामाचा संबंध आहे असे समजावे.

पण सणासुदीलाही मन रमत नाही, जेवणाची चव गेली आहे, मुलांशी बोलावेसे वाटत नाही, असे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल तर ते नैराश्य असू शकते. हा आजार आहे व तो औषधाने, समुपदेशनाने बरा होतो. या अवस्थेत सगळेच दरवाजे बंद दिसतात. म्हणून शक्यतो आधी उपचार घ्यावेत, राजीनाम्याचा विचार नंतर करावा. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी घरच्यांना व डॉक्टरांना सांगावे. १४४१६ या 'टेली-मानस' क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येते.

नेमके काय सोसत नाही?

नोकरी सोसत नाही म्हणजे नेमके काय, हे एका वाक्यात लिहून पाहा. रात्रपाळी? कामाचे तास? धूळ? की एखादा माणूस? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त आढळला. तेव्हा तासांची तक्रार म्हणजे आळस नव्हे.

पुष्कळदा पाळी किंवा विभाग बदलून भागते. इन्सुलिन घेणाऱ्याने जेवणाची वेळ सांभाळण्यासाठी डॉक्टरांचे पत्र देऊन पाळी बदलून मागावी. मात्र दगड फोडण्याच्या किंवा सिलिकाच्या धुळीच्या कामात खोकला व धाप सुरू झाली असेल, तर वाट पाहू नये. त्या धुळीने फुप्फुसाची झालेली हानी भरून येत नाही.

नव्या नोकरीचा हिशेब

पगार दोन हजारांनी वाढला, पण रोज ऐंशी किलोमीटर मोटारसायकल चालवावी लागली, तर झोप, कंबर आणि डबा तिन्ही बिघडतात. कामाचे खरे तास किती, हे तिथे काम करणाऱ्याला विचारावे.

कर्मचारी राज्य विम्याला पगाराची मर्यादा असते. २०१७ मध्ये ती दरमहा २१,००० रुपये करण्यात आली. आजची मर्यादा कार्यालयात विचारून घ्यावी. नवा पगार तिच्या वर गेला तर ही सोय मिळत नाही. घरात कुणाचे डायलिसिस चालू असेल किंवा बाळंतपण जवळ आले असेल, तर वाढलेला पगार दवाखान्यातच जाईल. कंपनीचा गटविमाही नोकरीबरोबर संपतो. स्वतःचा नवा विमा घेतला तर मधुमेह, रक्तदाब अशा आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून जुना विमा कधी संपतो आणि नवा कधी सुरू होतो, हे आधीच विचारावे.

कायम नोकरीचे पाचवे वर्ष भरत आले असेल व तब्येत धोक्यात नसेल, तर ग्रॅच्युइटीसाठी दोन महिने कळ काढणे परवडते. भविष्यनिर्वाह निधी काढून न घेता नव्या खात्यात वळवावा. तीन महिन्यांचा घरखर्च हाताशी असावा आणि नेहमीच्या गोळ्या दोन महिन्यांच्या घेऊन ठेवाव्यात. नोकरी बदलण्याच्या गडबडीत रक्तदाबाची गोळी बंद पडते, हे आम्ही वारंवार पाहतो.

नवी जागा अंगवळणी पडायला काही महिने लागतात. तोवर थोडी धाकधूक राहणारच. रुजू झाल्यावर तीन महिन्यांनी वजन, रक्तदाब व साखर पुन्हा तपासून घ्या आणि नोंदवहीशी ताडून पाहा. झोप सुधारली असेल, भूक लागत असेल, तर बदल मानवला असे समजा.