जुनी गाडी घरी रंगवायची? आधी घासाईचा हिशोब करा



दिवाळी संपली, हवा कोरडी पडली, की आमच्या हार्डवेअरच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो : "ताई, जुन्या गाडीला घरीच रंग मारायचाय. स्वस्तात काय बसेल?" विचारणारे बहुतेक आपल्यासारखेच असतात. कुणाची बेकरी, कुणाचं केटरिंग, कुणी पाण्याचे जार पोचवणारं. गाडी दहा-बारा वर्षांची ओम्नी नाहीतर ईको. इंजिन ठणठणीत, पण रंग उडालेला आणि दारं खालून गंजलेली. ओम्नीचं उत्पादन तर २०१९ मध्येच थांबलं. म्हणजे 'तशीच नवी घेऊ' हा पर्यायही नाही. आहे तीच टिकवायची.

व्हिडिओत मी कागद कसा धरायचा, लांबी कशी ओढायची ते हातानं करून दाखवलंय. इथे त्यामागचा हिशोब मांडते, कारण गाडी धंद्याची आहे आणि हिशोब चुकला तर रंग कितीही चकाकला तरी तोटाच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. गाडीच्या पेंटिंगमध्ये रंग स्वस्त असतो, महाग असते ती घासाई. गॅरेजच्या बिलातला मोठा भाग गंज काढणं, लांबी भरणं, पेपर मारणं या तासन्‌तासांच्या मजुरीचा असतो. म्हणून पैसे वाचवायचे असतील तर डब्यात वाचवू नका, मजुरीत वाचवा.

१. रंग हवाय, की नुसतं रबिंग?

पांढरी किंवा लाल साधी गाडी वर्षानुवर्षं उन्हात उभी राहिली की रंगाचा वरचा थर मरतो. हात फिरवला की चुन्यासारखी पूड लागते. खाली रंग शाबूत असेल तर अशा गाडीला नवा रंग लागतच नाही. रबिंग कंपाउंडचा एक डबा आणि मऊ फडकं घ्या, बॉनेटचा वहीच्या पानाएवढा तुकडा घासून बघा. चकाकी आली तर तुमचं काम काही शे रुपयांत झालं.

मेटॅलिक गाडीवर वरचा पारदर्शक कोट पापुद्र्यासारखा सुटत असेल, तर मात्र रबिंगचा उपयोग नाही. तिथे पॅनेल रंगवावंच लागतं. आणि मेटॅलिक घरी करू नका. त्यातली चंदेरी कणी सगळीकडे सारखी बसवणं हे रोजच्या हाताचं काम आहे.

दुसरी तपासणी गंजाची. दाराचा खालचा काठ, चाकाची कमान, छताची पन्हळ आणि मॅटखालचा फ्लोअर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघा. भरीव आवाज आला तर पत्रा ठीक. भुसभुशीत लागलं किंवा भोक पडलं तर तिथे नवा तुकडा वेल्डिंग करून घ्यावा लागेल. सडक्या पत्र्यावर लांबी भरली की गाडी एक पावसाळा छान दिसते, दुसऱ्या पावसाळ्यात लांबीचा ढलपाच निघतो. फ्लोअर गेलेला असेल तर सगळं बजेट आधी पत्र्यावर घाला. रंग पुढच्या वर्षी.

२. कोटेशन फोडून घ्या

"पूर्ण गाडीचे किती?" असं विचारू नका. पाच आकडे वेगळे मागा : पत्राकाम, घासाई आणि लांबी, प्रायमर, रंगाची फवारणी, शेवटचं रबिंग. आणि पुढचा प्रश्न : "घासून, लांबी करून मी आणून दिली तर फक्त मारायचे किती?"

बीबीएच्या कॉस्टिंगच्या तासाला 'मेक ऑर बाय' शिकवतात. वस्तू स्वतः बनवायची की बाहेरून घ्यायची, हा निर्णय. इथे तो अख्ख्या गाडीचा नाही, कामाच्या एकेका तुकड्याचा आहे. घासाईला कौशल्य कमी, तास जास्त. फवारणीला तास कमी, पण कौशल्य, कंप्रेसर आणि धूळ नसलेली जागा लागते. पहिलं घरी करण्यासारखं आहे, दुसरं विकत घेण्यासारखं.

सगळे पेंटर याला हो म्हणत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे. खालचं काम दुसऱ्याचं असेल तर वरच्या रंगाची हमी ते कशी देणार? म्हणून सुरुवात करण्याआधीच त्यांना विचारा : प्रायमर कुठला मारू, शेवटचा पेपर किती नंबरचा, आणि एक दार झाल्यावर येऊन बघाल का? पहिलं दार त्यांच्या पसंतीला उतरलं की मगच बाकीच्या गाडीला हात लावा.

३. घरची घासाई, एका वेळी एक पॅनेल

अख्खी गाडी एकदम उघडू नका. दिवसा ती धंद्यावर हवी. संध्याकाळी एक दार किंवा एक फेंडर घ्या. क्रम असा :

धुणं : आधी साबणानं, मग थिनरच्या फडक्यानं पुसून घ्या. डॅशबोर्डला मारतो त्या सिलिकॉन पॉलिशचा अंश राहिला तर नवा रंग तिथे बसत नाही, बारीक गोल डोळे पडतात. पुसायच्या आधी घासलंत तर तेच तेल पत्र्यात घोटलं जातं.

गंज : ८० नंबरच्या पेपरनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. गंजाच्या कडेनं चांगला वाटणारा रंगही थोडा उघडून बघा. गंज दिसतो त्यापेक्षा जास्त पसरलेला असतो.

प्रायमर : उघडा पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे. रात्रीच्या दवानंही त्यावर तांबूस छटा येते.

लांबी : हार्डनर साधारण १०० ग्रॅमला २ ग्रॅम. जास्त घातला तर लांबी लवकर आवळते आणि पुढे रंगावर डाग येऊ शकतो. काही मिनिटांत ती घट्ट होते, म्हणून सुपारीएवढीच कालवा. थर पातळ ठेवा. पोचा खोल असेल तर आधी पत्रा ठोकून वर आणा, लांबीनं खड्डा बुजवू नका.

पेपर : लांबीवर आधी १२०, मग १८० ते २४०, तेही कोरडंच. ही लांबी पाणी शोषते. पेपर हातात धरून न घासता लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, नाहीतर बोटांच्या रेघा उन्हात दिसतात. वरच्या प्रायमरला ४०० ते ६०० चा वॉटर पेपर, पाणी घालून. जुना रंग घट्ट असेल तर तो काढायची गरज नाही. ३२० ते ४०० नं त्याची चकाकी मारा, म्हणजे नवा रंग धरेल.

जुन्या रंगाच्या धुळीत शिसं असू शकतं. मास्क लावा, आणि मुलं अंगणात असताना कोरडं घासू नका.

आणि प्रायमरवर गाडी महिनाभर पावसात फिरवू नका. प्रायमर सच्छिद्र असतो, ओल आत जाते. आपल्याकडे या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. कोकणात हवा दमट, तिथे दुपारचे कोरडे तास बघूनच कोट द्या.

४. डबा कुठला?

बाजारात ढोबळ तीन प्रकार मिळतात.

एनसी म्हणजे ज्याला गॅरेजमध्ये अजून 'ड्यूको' म्हणतात तो. हे मुळात ड्यूपॉन्ट कंपनीच्या रंगाचं नाव, १९२० च्या दशकातलं. पटकन वाळतो म्हणून धूळ कमी बसते आणि चूक घासून काढता येते. पण दमट हवेत पांढरट पडतो, आणि चकाकीसाठी शेवटी रबिंग करावंच लागतं.

सिंथेटिक इनॅमल म्हणजे लोखंडी गेटला मारतो तो. स्वस्त, टर्पेंटाइननं पातळ करून फोमच्या रोलरनं लावता येतो. चार पातळ कोट, प्रत्येक कोट रात्रभर वाळवून मध्ये हलका वॉटर पेपर, असं केलं तर दोन पावलांवरून गाडी छान दिसते. तोटे दोन. उन्हात चकाकी लवकर जाते. आणि पुढे त्यावर एनसी मारला तर त्याच्या थिनरनं खालचा इनॅमल सुरकुततो. म्हणजे आज इनॅमल लावलात तर उद्या गॅरेजला जाताना तो आधी खरवडण्याचा खर्च धरून चाला.

म्हणूनच जुन्या गाडीवर आधी कोणी काय मारलंय हे तपासा. कापसाला एनसी थिनर लावून कोपऱ्यात अर्धा मिनिट धरा. रंग हलला नाही तर बहुतेक कंपनीचा भट्टीतला किंवा पीयू. सुटला किंवा सुरकुतला तर पेंटरला तसं सांगा.

तिसरा पीयू, ज्यात हार्डनर मिसळतात. सगळ्यात टिकाऊ आणि सगळ्यात चकाकदार. पण घरी फवारू नका, हे मी ठामपणे सांगते. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवाऱ्याबरोबर ते श्वासात गेलं तर कायमचा दमा लागू शकतो, आणि कापडी मास्क त्याला अडवत नाही. दहा हजार वाचवायला फुप्फुस घालवणं हा कुठल्याच वहीत बसणारा सौदा नाही. पीयू हवा असेल तर फवारणी बाहेरच.

एनसी, इनॅमल, थिनर सगळे पेट घेतात. जवळ गॅस, समई, विडी नको. इनॅमल पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात. पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. फवारा वाऱ्यानं उडतो, शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे आणि गाड्याही बघा.

५. कागदपत्रं आणि पासिंग

त्याच रंगात रंगवलंत तर प्रश्न नाही. रंग बदलायचा असेल तर आरसी बुकात रंग नोंदलेला असतो, त्यामुळे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नवी नोंद लागते. ब्रँडिंगच्या हौसेनं पांढरी गाडी थेट पिवळी करू नका. मूळ पांढरा ठेवा, दारावर स्टिकर लावा.

माल वाहतुकीची गाडी ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंगला न्यावी लागते. त्या तारखेच्या महिनाभर आधी काम संपेल असं बघा. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं लॉक तोडू नका, तिच्यावर मास्किंग टेप आणि कागद लावा. रिफ्लेक्टरच्या पट्ट्या असतील तर त्याही झाका.

६. आता वही उघडा

पुढचे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, तुमच्या गावचे तुम्ही भरा. समजा, गाडी बंद असली की भाड्याच्या टेंपोला दिवसाला ६०० रुपये जातात आणि तुमचा एक तास १०० रुपयांचा आहे.

पूर्ण गॅरेज : बिल ३०,०००, गाडी ७ दिवस बंद म्हणजे ४,२००. एकूण ३४,२००.

घासाई घरी, फवारणी बाहेर : साहित्य ३,०००, फवारणी १२,०००, तुमचे ४० तास म्हणजे ४,०००, गाडी ६ दिवस बंद म्हणजे ३,६००. एकूण २२,६००.

सगळं घरी, रोलरनं : साहित्य ३,०००, रंग २,५००, तुमचे ६० तास म्हणजे ६,०००, गाडी १० दिवस बंद म्हणजे ६,०००. एकूण १७,५००.

पहिल्यापेक्षा दुसऱ्यात ११,६०० वाचले. तिसऱ्यात १६,७००, पण तिथे फिनिश गेटसारखा आणि पुढे खरवडणं आलंच.

आता तुमचा तास ३०० चा धरा. लग्नसराईत केटरिंगवाल्याचा तेवढा सहज असतो. दुसरा पर्याय ३०,६०० वर जातो, तिसरा २९,५०० वर. म्हणजे गॅरेजच्या तुलनेत बचत उरली ३,६०० आणि ४,७००. एवढ्यासाठी महिनाभर हात सोलून घ्यायचे का? ऐन सीझनमध्ये नाही. पण धंदा मंद असताना तोच तास १०० चा होतो, आणि तेच काम परवडतं. आपल्या तासाचा भाव ऋतूप्रमाणे बदलतो, हे लहान व्यावसायिकानं कधी विसरू नये.

एक सांगायचं राहिलं. रंगानं जुन्या गाडीची विक्रीची किंमत खर्चाइतकी वाढेल या आशेवर हे काम काढू नका. गंज थांबतो, पत्रा वाचतो आणि दारात उभी राहिलेली गाडी बघून गिऱ्हाईकाला तुमच्या मालाबद्दल शंका येत नाही. डबे, जार, ब्रेड या धंद्यात गाडीची स्वच्छता म्हणजे मालाची स्वच्छता असंच लोक धरतात. कमावलं ते एवढंच, आणि ते पुरेसं आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

रविवारी गाडी धुवा. स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन ठोकून बघा, बॉनेटवर रबिंगचा तुकडा करून बघा. दोन पेंटरकडून पाच ओळींचं कोटेशन आणा. मग तिन्ही पर्याय वहीत लिहा, स्वतःच्या तासाचा भाव प्रामाणिकपणे धरून. पेपर आणि लांबी त्यानंतर विकत घ्या. माझं दुकान आहे तरी सांगते, त्याआधी घेऊ नका.