पिस्तुलाची मूठ आणि हाताचे माप

नेमबाजीच्या क्लबात नव्याने दाखल झालेल्या मुलांच्या हाती पहिले काही महिने क्लबचेच पिस्तूल पडते. सकाळच्या तुकडीतला कॉलेजचा उंचापुरा मुलगा त्यावर तासभर सराव करतो आणि तो उठला की तेच पिस्तूल नववीतल्या मुलीच्या हातात येते. बुटांच्या बाबतीत हे कुणी चालवून घेणार नाही. मुठीवर कुठेतरी बारीक अक्षरात ‘एम’ किंवा ‘एल’ कोरलेले असते, पण ते ना मुलीने पाहिलेले असते, ना तिच्या आईवडिलांनी. दोन-तीन महिन्यांनी अंगठ्याच्या बाजूने मनगट दुखू लागते, छर्रे डावीकडे खाली जाऊ लागतात आणि ‘हिची एकाग्रताच कमी पडते’ असे म्हणून सगळे मोकळे होतात.

एकाग्रतेचा दोष काढण्याआधी थोडे गणित पाहायला हवे. १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर असतो. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर साधारण ३३ सेंटीमीटर. या दोन साइट एकमेकींपासून एका मिलिमीटरने सरकल्या, तर १० मीटरवर छर्रा तीन सेंटीमीटर बाजूला जातो. म्हणजे दहाऐवजी सात. आणि हा एक मिलिमीटर नेमका कुठे चुकतो? बहुतेक वेळा ट्रिगर दाबतानाच्या शेवटच्या क्षणी, तळहात आणि लाकूड यांच्यामध्ये.

हाताची रचनाच अशी आहे, की बोटे एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसतात. त्यांना वाकवणारे स्नायू कोपराखालच्या भागात आहेत. तिथून निघालेल्या लांब दोऱ्यांसारख्या स्नायुबंधांनी ते बोटांची टोके ओढतात आणि या दोऱ्यांचे मूळ बऱ्याच अंशी सामाईक असते. एक बोट वाकवले की शेजारची बोटेही थोडी आवळली जातात. करंगळी एकटी मिटून पाहा, अनामिका सोबत येतेच. नेमबाजाला मात्र तीन बोटांचा दाब जराही न बदलता तर्जनी तेवढी हलवायची असते. मूठ हाताला व्यवस्थित भरून बसली असेल, तर ती तीन बोटे स्वस्थ राहतात. पिस्तूल हातातून निसटेल असे वाटत राहिले, की ती घट्ट आवळली जातात आणि ट्रिगरबरोबर नळीचे तोंड खाली ओढतात.

जोरात धरल्याचा आणखी एक तोटा आहे. निरोगी माणसाचा स्थिर धरलेला हातही सेकंदाला ८ ते १२ वेळा अतिसूक्ष्म थरथरतो. ते नैसर्गिकच आहे, पण स्नायू थकले की ही थरथर वाढते. पात्रता फेरीत ७५ मिनिटांत ६० फैरी झाडायच्या असतात, त्याआधी सरावाच्या वेगळ्या. दर वेळी सुमारे किलोभर वजनाचे पिस्तूल एका हाताने, कोपर ताठ ठेवून उचलायचे. विसाव्या फैरीला न जाणवलेली चुकीची मूठ पन्नासाव्या फैरीला जाणवते.

मूठ प्रमाणाबाहेर मोठी असली, की अंगठा आणि तर्जनी यांच्यामधले बेचके पिस्तुलाच्या पाठीवर नीट मध्ये बसत नाही. मग तर्जनी ट्रिगरपर्यंत पोचावी म्हणून मुलगी नकळत सगळा हातच लाकडावर फिरवून घेते. मनगट वाकते, हात आणि नळी एका रेषेत राहत नाहीत आणि ट्रिगर बोटाच्या अगदी टोकाने दाबला जातो. तो दाब सरळ मागे न जाता उजव्या हाताच्या नेमबाजाचे पिस्तूल डावीकडे ढकलतो. मूठ लहान असेल तर उलटे होते. बोटांची टोके वळून तळहातात रुततात, तर्जनी ट्रिगरवर गरजेपेक्षा खोल जाते आणि तिची कड चौकटीच्या बाजूला घासते. वाढत्या वयातल्या मुलांचे पालक ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून एक माप मोठी मूठ घेतात. शाळेच्या गणवेशाला हा हिशेब ठीक आहे, इथे नाही.

दुखण्याचेही तर्कशास्त्र असते. अंगठा सतत ताणलेला आणि मनगट करंगळीकडे झुकलेले राहिले, तर अंगठ्याच्या मुळाशी मनगटावरून जाणाऱ्या स्नायुबंधांचे आवरण सुजते. डॉक्टर याला ‘डी क्वेर्व्हेन’ म्हणतात. बाळाला वारंवार उचलणाऱ्या नव्या आयांमध्येही हे दुखणे नेहमी दिसते. करंगळीला मुंग्या येत असतील तर तळहाताच्या खालच्या टेकूवर संशय घ्यावा. त्या बाजूने अल्नर नावाची नस तळहातात शिरते, आणि हँडलवर तासन् तास भार टाकणाऱ्या सायकलपटूंचीही तीच दबते. कोपराच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे, म्हणजे आपले परिचित ‘टेनिस एल्बो’, नेमबाजीत कसे काय येते असा प्रश्न पडू शकतो. मूठ आवळताना मनगट स्थिर राहावे म्हणून हाताच्या पाठीकडचे स्नायूही आवळतात, आणि त्यांचा उगम कोपराच्या त्याच हाडापाशी असतो. ‘ट्रिगर फिंगर’ या आजाराचे नाव ऐकून मात्र घाबरू नये. वाकलेले बोट अडकून खटकन सुटते म्हणून त्याला ते नाव पडले, पिस्तूल चालवण्याशी त्या नावाचा संबंध नाही.

यावर मनगटाला पट्टा बांधण्याचा उपाय अनेकजण सुचवतात. स्पर्धेत तो चालत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पिस्तूल धरणाऱ्या हाताचे मनगट उघडे आणि आधाराविना दिसले पाहिजे, घड्याळसुद्धा काढून ठेवावे लागते. मुठीचा कोणताही भाग मनगटाला टेकू देणारा नसावा आणि तळहाताखालचा टेकू मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करणारा नसावा, असेही बंधन आहे. दोन-तीन आठवडे टिकणारे दुखणे पट्ट्याखाली झाकण्यापेक्षा हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे आणि जाताना मुठीचे फोटो सोबत न्यावेत.

मग माप घ्यायचे कसे? हात कागदावर पसरून पेन्सिलीने त्याची आकृती काढावी. अंगठा सोडून चार बोटांच्या मुळांशी तळहाताची रुंदी मोजावी आणि बेचक्यापासून तर्जनीच्या शेवटच्या पेराच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. नुसती हाताची लांबी पुरत नाही. बायकांचा हात सरासरीने पुरुषांपेक्षा दीड-दोन सेंटीमीटर आखूड असतो हे खरे, पण सारख्याच लांबीचे दोन हात रुंदीत पुष्कळ वेगळे असू शकतात. त्यात प्रत्येक कंपनीचा ‘एम’ वेगळा. मोरिनीची मूठ बसली म्हणून स्टायरची त्याच अक्षराची बसेल असे नाही. कोष्टक पाहून निवड करावी, पण निकाल हातात धरूनच लावावा.

तो लावण्याची एक जुनी आणि सोपी रीत आहे. रिकामे पिस्तूल घेऊन लक्ष्यासमोर उभे राहायचे, डोळे मिटायचे, हात उचलून आरामात स्थिर करायचा आणि डोळे उघडायचे. पुढची साइट मागच्या खाचेत आपोआप मधोमध आलेली असली, तर मूठ जुळली. ती दर वेळी एकाच बाजूला कललेली दिसली, तर मनगट वळवून ती मध्ये आणायची नाही, लाकूड बदलायचे. तर्जनीच्या शेवटच्या पेराचा मध्य ट्रिगरवर सरळ यावा आणि बोटाची बाजू लाकडाला टेकू नये. खरा दाब मधले बोट आणि बेचके यांच्यात, पुढून मागे असा असावा. अंगठा नुसता विसावलेला आणि करंगळी जवळजवळ निकामी. हाताला खडूची भुकटी लावून मूठ धरली, तर लाकडावर कुठे डाग पडला आणि कुठे पोकळी राहिली ते लगेच कळते.

मूठ अक्रोडाच्या लाकडाची असते, म्हणून ती घासताही येते आणि भरताही येते. जिथे रुतते तिथे कानस आणि पॉलिश पेपर, जिथे पोकळी आहे तिथे सुताराची पुट्टी. मोठमोठ्या नेमबाजांच्या मुठी जवळून पाहिल्या तर ठिगळे लावलेल्या दिसतात. एका वेळी थोडेच घासावे आणि मग आठवडाभर त्यावर सराव करावा, कारण घासलेले परत येत नाही. हात उकाड्यात आणि सरावानंतर किंचित फुगतो, म्हणून तळहाताचा टेकू अगदी चिकटवून बसवू नये, मिलिमीटरभर जागा सोडावी.

२५ मीटर पिस्तूल प्रकारात हा सगळा कस आणखी लागतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण मिळवले. इथे ट्रिगरवर किमान १००० ग्रॅमचा दाब लागतो, एअर पिस्तुलाच्या दुप्पट, आणि खऱ्या काडतुसाचा मागे धक्काही बसतो. शीघ्र फेरीत हात खाली ठेवून थांबायचे आणि लक्ष्य खुले झाले की तीन सेकंदांत उचलून फैर झाडायची. अशा ३० वेळा. मूठ हातात पुन्हा जुळवून घ्यायला तिथे सवड नसते.

हा प्रश्न खेळापुरता नाही. अमेरिकी लष्कराने १९८५ मध्ये स्वीकारलेल्या बेरेटाच्या एम-९ पिस्तुलात १५ काडतुसे दोन रांगांत मुठीतच बसत, त्यामुळे मूठ जाड झाली आणि लहान हाताच्या सैनिकांना ती त्रासाची ठरली. २०१७ मध्ये निवडलेल्या सिग सॉअरच्या पिस्तुलात लहान, मध्यम आणि मोठी अशी मूठ बदलण्याची सोय आहे.

डावखुऱ्या मुलांची गोष्ट निराळीच. शारीररचनेप्रमाणे कोरलेली उजव्या हाताची मूठ डाव्या हातात मावतच नाही, अंगठ्याची खोबण आणि टेकू दोन्ही उलट बाजूला येतात. क्लबात डावी मूठ नाही म्हणून त्यांना गुपचूप उजव्या हाताने शिकवले जाते. हंगेरीच्या कारोय टाकाच यांचा उजवा हात १९३८ मध्ये हातबाँबच्या स्फोटात निकामी झाला. ते डाव्या हाताने शिकले आणि १९४८ व १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके जिंकली. त्यांच्यावर वेळच तशी आली होती. इथे नुसती एक मूठ मागवायची असते.

ती मागवणे फार अवघडही नाही. आयात पिस्तूल लाखाच्या पुढे जाते, मूठ त्या मानाने बरीच स्वस्त पडते आणि बहुतेक एअर पिस्तुलांत ती एखाद्या स्क्रूने बसवलेली असते. प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली पाच मिनिटांत काढून दुसरी चढवता येते. क्लबने दोन पिस्तुलांमागे एक ‘एस’ आणि एक डावी मूठ कपाटात ठेवली, तर नववीतली ती मुलगी आपली मूठ लावून सरावाला उभी राहील आणि नंतर काढून ठेवील. प्रवेशाचा अर्ज भरताना फीबरोबर एवढे विचारायला हरकत नाही, की कपाटात कोणकोणत्या मापाच्या मुठी आहेत.