‘कशासारखे?’ आणि ‘का?’

तिसरी-चौथीच्या मुलांना ‘माझी अम्मी’ या विषयावर पाच ओळी लिहायला सांगितल्या की बहुतेक वह्यांत अम्मीचा चेहरा चंद्रासारखा आणि आवाज कोकिळेसारखा असतो. ही वाक्ये गाइडमधून येतात. त्यांत व्याकरणाची चूक नसते. पण अम्मीही नसते.

उपमेची रचना अवघड नाही. मराठीत उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि ‘सारखा’, ‘जसा’ असा साधर्म्यवाचक शब्द. उर्दूत तशबीहचे हेच चार भाग : मुशब्बह, मुशब्बह-बिही, वज्ह-ए-शबह आणि हर्फ-ए-तशबीह. ही नावे वरच्या वर्गात पाठ होतील. लहानांना दोन प्रश्न पुरतात : ‘कशासारखे?’ आणि ‘का?’

भोकर तालुक्यात कापूस घरोघरी ओळखीचा. म्हणून आम्ही वर्गात फुटलेले बोंड मुलांच्या हाती देतो. पहिले उत्तर ठरलेले : ‘ढगासारखे.’ ‘का?’ विचारले की वर्ग गप्प होतो. मग एखादी मुलगी हळूच दखनीत म्हणते, ‘नानीके बालां सरीका.’ का? तर दोन्ही पांढरे, आणि ओढायला गेले की बोटांत गुंततात. ही उपमा कोणत्याही गाइडमध्ये सापडणार नाही.

अशा वेळी ‘नीट भाषेत बोल’ म्हणून अडवले, तर ती मुलगी गप्प बसते आणि पुन्हा चंद्राकडे वळते. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जाते, चूल, शेत यांच्याच आधाराने, घरच्या बोलीत त्यांनी कविता रचल्या. त्यांचा संग्रह 1952 मध्ये निघाला आणि आज शाळेतली मुले त्या कविता शिकतात.

उपमा जमली की पुढची पायरी ‘सारखा’ गाळण्याची. मराठीत ते रूपक, उर्दूत इस्तिआरा. ‘दादी आमच्या घराचे कुलूप आहे.’ का? ती घरी असली की दार लावायची काळजी कोणालाच नसते.

माता-पित्यांना आमची एवढीच विनंती : निबंध सांगून लिहवून घेऊ नका. दस्तरख्वानवर बसल्यावर विचारा, ‘आजची भाकर कशासारखी फुगली?’ उत्तर दखनीत आले तरी आधी तसेच वहीत उतरू द्या. मराठी किंवा उर्दू शब्द नंतर शोधता येतात. पाहिलेले मात्र मुलाचे स्वतःचे असावे.