नवा माल आला, आपली मापे गेली

आमच्या आमगावात कापड दुकानाची खरी कमाई लग्नसराईची. धान विकून माणूस बस्त्याला येतो आणि एकाच बैठकीत सारी खरेदी उरकतो. अशा वेळी बिल अडले तर गिऱ्हाईक गोंदियाची गाडी धरते.

दुकानात दोन कॉम्प्युटर, दोन्हींवर लिनक्स. लायसन्सचा खर्च नाही, म्हणून भाच्याने बसवले. गल्ल्यावरची भावयादी मागच्या काउंटरवर उघडावी यासाठी 'सांबा' नावाचा प्रोग्राम आहे. कोणते फोल्डर कोणाला दाखवायचे, ते एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेले असते. जाणकार तिला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. मी तिला टेलर मास्टरची मापवही म्हणतो.

एका रात्री भाच्याने अपडेट लावले. पडद्यावर प्रश्न आला : कंपनीची नवी प्रत बसवू की तुमची ठेवू? पोराने नवी निवडली. नवे ते चांगले, असे त्याला वाटले! सकाळी मागच्या काउंटरवर यादीच उघडेना. दिवसभर हाताने बिले फाडली, दोन थान जुन्या भावात गेले. संध्याकाळी कळले की आपली जुनी फाइल त्याच फोल्डरमध्ये, नावापुढे 'ओल्ड' लागून पडली होती.

असे का होते? अपडेटसोबत प्रोग्रामची कोरी मापवहीही येते. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियनच्या घराण्यात (सी-डॅकचे 'बॉस' लिनक्सही त्यातलेच) मालकाने फाइलला हात लावला असेल आणि नवी प्रतही बदललेली असेल, तर आधी विचारले जाते. नुसते एंटर दाबले तर सहसा आपलीच राहते. रेड हॅटच्या घराण्यात विचारत नाहीत. तिथे कधी नवी फाइल 'आरपीएमन्यू' नावाने बाजूला ठेवतात, तर कधी आपलीच 'आरपीएमसेव्ह' करून हटवतात. अपडेटनंतर ही दोन नावे शोधावीत.

एक चूक मात्र कोणीच विचारून करत नाही. 'इटीसी' फोल्डर मालकाच्या फेरफारांसाठी असते. 'युएसआर'मधील फाइल प्रोग्रामची स्वतःची. तिथे खाडाखोड केली तर पुढच्या अपडेटला ती मुकाट्याने पुसली जाते. शक्य तिथे मूळ फाइलला हात न लावता आपल्या चार ओळी वेगळ्या फाइलमध्ये लिहाव्यात. बऱ्याच प्रोग्रामना त्यासाठी 'डी' शेपटीचे फोल्डर दिलेले असते.

दर वेळी जुनीच धरून बसणेही बरे नाही. नव्या प्रतीत कधी सुरक्षेची दुरुस्ती असते, कधी जुनी ओळ नव्या प्रोग्रामला समजतच नाही. म्हणून आधी फरक पाहावा.

आता अपडेटआधी 'इटीसी'ची प्रत पेन ड्राइव्हवर जाते. आमचे शिक्षण उर्दू माध्यमाचे, पडद्यावरच्या इंग्रजीने आजही घाम फुटतो. म्हणून शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून गल्ल्यावर चिकटवला आहे : एन म्हणजे आपली, वाय म्हणजे त्यांची, डी म्हणजे फरक दाखव.