स्त्रिया, तरुण आणि ग्रामसभा : राजकीय जाणिवेचे शिक्षण

साहित्य मंडळाच्या व्याख्यानमालेत एका होमिओपॅथी डॉक्टराने राजकारणावर लिहावे, याचे आपल्याला थोडे नवल वाटेल. म्हणून हा विषय माझ्या वाट्याला कसा आला ते आधी सांगतो. जोयड्याहून कारवारकडे जाताना उळवीचा फाटा फुटतो, ते आमचे कुंभारवाडा. आमच्या पद्धतीत रोग्याची केस घेताना घाई करून चालत नाही. झोप, भूक, भीती, घरची काळजी, सगळे विचारावे लागते. काही वर्षांपूर्वी पन्नाशीच्या एक बाई झोप येत नाही म्हणून दवाखान्यात आल्या. विचारता विचारता कळले की त्या तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या सदस्य आहेत. बैठकीच्या वहीत त्यांनी सही केली होती. मजकूर कन्नडमध्ये होता आणि तो कोणी वाचून दाखवला नव्हता. आता वाडीतली माणसे विचारीत होती, "काकी, आमच्या ओढ्यावरचा साकव यादीतून गळला कसा?" बाई मला म्हणाल्या, "डॉक्टर, सही माझीच आहे हो. पण कशावर केली ते मलाच ठाऊक नाही."

मी औषध दिले. पण ते दुखणे माझ्या पेटीतल्या गोळ्यांनी बरे होणारे नव्हते, हे मलाही कळत होते. त्या दिवसापासून मी या प्रश्नाचा माग काढत आलो. कायद्याने बाईला जागा दिली, पण त्या जागेवर बसून काय करायचे हे तिला कोण शिकवणार?

राजकीय जाणीव म्हणजे काय?

'राजकारण' म्हटले की आपल्याला पक्ष, झेंडे आणि प्रचाराच्या गाड्या आठवतात. येथे तो अर्थ नाही. कर्नाटकात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. माझ्यावर परिणाम करणारा निर्णय कोठे होतो, कोण करतो, कोणत्या कागदावर होतो आणि त्यात माझे म्हणणे घालायची वेळ कोणती, एवढे कळणे म्हणजे राजकीय जाणीव. ते म्हणणे योग्य जागी, पुराव्यासह, पुन्हा पुन्हा मांडत राहणे म्हणजे पैरवी. पैरवीला काळा कोट लागत नाही. पाण्याच्या नळासाठी तीन वेळा अर्ज देऊन तिन्ही अर्जांची पोच जपून ठेवणारी बाई पैरवीच करीत असते.

जागा कशी मिळाली?

हा प्रवास आपल्याकडे बराच जुना आहे. बारामती तालुक्यातल्या निंबुत गावाने १९६३ मध्येच संपूर्ण स्त्रियांची ग्रामपंचायत निवडली होती. तेव्हा आरक्षण नव्हते, गावाचीच तशी इच्छा होती. १९८६ च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेने नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी स्त्रियांचे मोठे अधिवेशन भरवले. पंचायतीत बायकांनी उतरावे हा विचार तेथून खेड्यापाड्यांत गेला. खानदेशातल्या विटनेरसारख्या गावाने पुढे पंचायतही बायकांच्या हाती दिली आणि जमिनीही बायकांच्या नावावर केल्या.

आमच्या कर्नाटकाने कायद्याची वाट धरली. अब्दुल नझीर साब मंत्री असताना झालेल्या १९८३ च्या कायद्याने मंडल पंचायतीत आणि जिल्हा परिषदेत स्त्रियांना २५ टक्के जागा ठेवल्या आणि १९८७ च्या आरंभी त्या निवडणुका झाल्या. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला अमलात आली आणि देशभर एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. २०१० मध्ये कर्नाटकाने आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण ५० टक्के केले.

जागा भरल्या तसा शिक्षणाचा प्रश्न पुढे आला. नव्वदीच्या दशकात म्हैसूरच्या ग्रामविकास संस्थेने उपग्रहाच्या मदतीने एक प्रयोग केला. तालुक्याच्या गावी बायका दूरचित्रवाणीपुढे बसत, तज्ज्ञ तिकडून बोलत आणि बायका फोनवरून प्रश्न विचारीत. चित्र एकाच बाजूने येई, आवाज मात्र दोन्ही बाजूंनी जाई. मला या प्रयोगाचा विशेष वाटतो तो त्या फोनचा. बाईचा प्रश्न वर पोचण्याची सोय त्यात होती. महाराष्ट्रात महिला राजसत्ता आंदोलनाने निवडून आलेल्या बायकांना एकमेकींशी जोडले. अडचण आली तर शेजारच्या तालुक्यातल्या सरपंचबाईला विचारता येते, हा धीर पुस्तकातून मिळत नाही.

काबूलकडे एक नजर

येथे थोडे दूर पाहू या, कारण या विषयाचे मोल तेथे फार स्पष्ट दिसते. १९६५ मध्ये, म्हणजे निंबुतची पंचायत चालू असतानाच, अफगाणिस्तानात चार स्त्रिया संसदेवर निवडून आल्या होत्या. पुढची युद्धाची वर्षे ओलांडून २००४ ची राज्यघटना आली. तिने कनिष्ठ सभागृहाच्या २४९ पैकी निदान ६८ जागा स्त्रियांसाठी ठेवल्या. २००३ पासून गावोगावी विकास समित्या निवडल्या जाऊ लागल्या. पुरुषांसोबत बसणे जेथे शक्य नव्हते, तेथे बायकांची वेगळी समिती बसे आणि विहीर हवी की रस्ता, हे ठरवण्यात तिचा वाटा असे. बायका आणि तरुण यांना मतदान, अंदाजपत्रक, मागणीपत्र शिकवणारी शिबिरे अनेक संस्थांनी घेतली. आपल्या पुण्याच्या महाविद्यालयांतूनही कितीतरी अफगाण मुले-मुली शिकून गेली.

१५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबूलमध्ये आले. महिला मंत्रालय गेले, मुलींच्या माध्यमिक शाळा बंद झाल्या, डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठाची दारेही मिटली. राखीव जागाच नव्हे, संसदच उरली नाही. बंदुकीपुढे शिबिरे काय करणार, असे आपण म्हणाल. खरे आहे. ज्या बायकांनी हे शिकून घेतले होते, त्यांचा दोष यात काडीचाही नाही. पण त्यानंतरच्या महिन्यांत काबूलच्या रस्त्यावर हाताने लिहिलेले फलक घेऊन कोण उभे राहिले आणि घराच्या बंद खोलीत मुलींचे वर्ग कोणी चालवले? त्या बायकाच. जागा हुकुमाने काढून घेता येते. प्रश्न विचारायची एकदा लागलेली सवय हुकुमाने काढता येत नाही. आपल्याकडे तो हुकूम नाही, संविधान आहे. मग ही सवय लावून न घेण्याला आपल्यापाशी सबब कोणती?

आमच्या तालुक्यात पणाला काय लागले आहे?

आमचा जोयडा तालुका विस्ताराने मोठा, वस्तीने विरळ. जुने सुपे गाव काळी नदीवरच्या धरणात बुडाले, तेव्हा गावाची संमती घ्यावी अशी अट कायद्यात नव्हती. आता ती आहे. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. २०१५ मध्ये त्याला काळी हे नाव मिळाले. अशा राखीव क्षेत्रातून गाव हलवायचे तर ते स्वेच्छेनेच हलले पाहिजे, आणि ग्रामसभेची व संबंधित माणसांची समजून-उमजून दिलेली संमती हवी, असे वन्यजीव कायदा २००६ च्या दुरुस्तीपासून सांगतो. 'समजून-उमजून' हा त्यातला कळीचा शब्द. समजावणारे कोणी नसेल तर तो शब्द कागदावरच राहतो.

जाणाऱ्या कुटुंबाला मिळणारी रक्कम आधी १० लाख होती, २०२१ मध्ये ती १५ लाख झाली. पण कुटुंब म्हणजे कोण? अठरा वर्षांवरचा मुलगा वेगळे कुटुंब धरला जातो. अठरावरची अविवाहित मुलगी, विधवा आणि घटस्फोटित स्त्री यांनाही वेगळे धरायचे असते. हे माझ्या दवाखान्यात येणाऱ्या किती विधवांना ठाऊक असेल? जावे की राहावे, हे मी सांगणार नाही. तो ज्याचा त्याचा निर्णय. पण निर्णय घेणाऱ्या बाईला आपला हिशेब ठाऊक असावा, एवढे म्हणण्याचा हक्क कोणाही शेजाऱ्याला आहे.

दुसरा कायदा २००६ चा वनहक्क कायदा. गोव्यात कुणबी, गावडा आणि वेळीप समाजांना २००३ पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे. सीमेच्या अलीकडचे आमचे कुणबी तो दर्जा वर्षानुवर्षे मागत आहेत. दर्जा नसल्याने त्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून दावा करावा लागतो आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास सिद्ध करावा लागतो. जंगलातल्या वाडीवर इतका जुना कागद कोठून आणायचा? येथे नियम एक दार उघडे ठेवतो. दावेदाराखेरीज गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाब पुरावा म्हणून चालतो. कुमरीची शेती कोठे होती, जुने देवस्थान कोठे, कोणत्या मांगरात कोण जन्मले, हे सर्वांत जास्त कोणाला आठवते? घरातल्या आजीला. ज्या आजीला कोणी सभेला नेत नाही, तिची आठवण हा घराचा पुरावा आहे.

शिवाय वनहक्क समितीत निदान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. त्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश बायका हव्यात. पती-पत्नी दोघे असतील तर हक्कपत्र दोघांच्या नावाने होते. म्हणजे बायका घरी राहिल्या, तर ठरावच लंगडा होतो.

शिक्षण कसे असावे?

भाषणे देऊन हे शिक्षण होत नाही, हे मी पाहिले आहे. माझ्या मते त्याच्या पायऱ्या चार.

पहिली पायरी ऐकण्याची. शिकवणाऱ्याने आधी बायकांची अडचण त्यांच्याच बोलीत ऐकावी. मी जैन घरात वाढलो. एका वस्तूला अनेक बाजू असतात आणि आपल्याला त्यातली एकच दिसते, हे लहानपणी कानावर पडले होते. शिबिर घेणाऱ्याने तेवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

दुसरी पायरी कागदाची. आमच्याकडे घरात कोकणी, मराठी आणि कचेरीत कन्नड. म्हणून खरा ठराव, खरा जमाखर्च समोर ठेवून ओळ न् ओळ वाचावी. 'वाचून दाखवा, मग सही करते' हे एक वाक्य मोठ्याने म्हणायचा सराव करावा. हसू नका. भरल्या बैठकीत हे वाक्य घशातून बाहेर काढायला फार बळ लागते.

तिसरी पायरी सभेची. वॉर्ड सभेत मागणी गेली नाही तर ती ग्रामसभेच्या यादीत यायची कशी? म्हणून लुटुपुटीची सभा भरवावी. एकीने अध्यक्ष व्हावे, एकीने अडवणारा अधिकारी.

चौथी पायरी पाठपुराव्याची. अर्जाची पोच घेणे, माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून अर्ज करणे आणि ३० दिवस मोजणे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने हेच वेगळ्या रीतीने केले. अभ्यासगट बसवून कायदा आधी समजून घेतला, निर्णय सर्वांच्या संमतीने घेतले आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. बांबू विकायचा परवाना आपल्याच ग्रामसभेकडे यावा म्हणून त्यानंतरही ते झगडत राहिले आणि २०११ मध्ये तो मिळवला. हक्काचा कागद मिळाल्यावरही पैरवी संपली नव्हती.

तरुणांचे काम

मतदानाला अठरा आणि पंचायतीच्या उमेदवारीला एकवीस वर्षे लागतात. मधली तीन वर्षे उमेदवारीची, म्हणजे शिकण्याची समजावीत. आमची कितीतरी मुले कामाला गोव्यात जातात. जी येथे आहेत त्यांना कन्नड येते, मोबाइल येतो. आजीला सभा ठाऊक नाही आणि नातवाला गाव ठाऊक नाही. आजीचा जबाब नातीने लिहून घेतला, तर दोघींचे शिक्षण एका बैठकीत होते. यापेक्षा स्वस्त शिबिर मला सुचत नाही.

शेवटी त्या बाईंविषयी. साकव त्यांच्या काळात झाला नाही. पुढच्या निवडणुकीत वॉर्डाचे आरक्षण बदलले आणि त्यांची जागा गेली. पण आता त्या ग्रामसभेला जातात, पुढच्या रांगेत बसतात आणि ठराव वाचून दाखवायला सांगतात. मागच्या पावसाळ्यात सर्दीसाठी आल्या होत्या. मी सवयीने झोपेचे विचारले. म्हणाल्या, "झोप येते की. आता जागे राहायचे काम दुसऱ्यांना लावले आहे."

वाचकहो, आपल्या गावच्या पुढच्या ग्रामसभेची तारीख आपल्याला ठाऊक आहे का? नसेल तर उद्या पंचायतीत जाऊन विचारा, आणि जाताना घरातल्या एका बाईला व एका तरुणाला सोबत न्या.